शब्दचर्चा: 'मोटेड मॅनर'ला मराठीत काय म्हणावं?

सांजवेळ: इंग्लंडातल्या पुरातत्त्वावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात 'मोटेड मॅनर' हा शब्द पानोपानी येतो. मध्ययुगातल्या जमीनदाराचं घर, भोवती पाण्याने भरलेला खंदक, आत जायला एक पूल. मी 'खंदकयुक्त गढी' लिहिलं होतं. संपादकांनी 'युक्त'वर काट मारली, ते ठीकच. मला मात्र 'गढी'ची शंका आहे. की सरळ 'भुईकोट' म्हणू?

काळीपांढरी: भुईकोट नकोच. नगर-सोलापूरचे किल्ले डोळ्यांपुढे येतात, शिबंदी आणि तोफांसकट. गढी म्हटलं की पांढऱ्या मातीचे तट, बुरूज, देवडी आली. इंग्लंडात अशा पाच हजारांहून जास्त जागा माहीत आहेत. बहुतेक साधारण १२५० ते १३५० या काळातल्या, आणि सफोक, एसेक्स, वॉरिकशर अशा चिकणमातीच्या मुलखात दाटीने, कारण तिथे खंदकात पाणी टिकतं. पुष्कळ ठिकाणी तट नव्हताच. काहींचा खंदक तर तीनच बाजूंना! असलं पाणी चोराला अडवेल, फौजेला काय अडवणार? बड्या सरदाराच्या किल्ल्याला खंदक आहे, मग आपल्याही दाराशी हवा, अशी ती हौस. शिवाय घराची जागा कोरडी राहते, मासे पाळता येतात. माझं मत 'वाडा'.

खापरवेडा: वाड्याला अनुमोदन. पण 'खंदक' शब्दाची अडचण कुणी काढली नाही. मराठीत सैनिक ज्यात दबा धरून बसतात तोही खंदकच. उत्खननाच्या लेखात 'ट्रेंच' आणि 'मोट' दोन्ही येणार. दोन्हीला खंदक लिहिलंत तर 'खंदकात खंदक घेतला' असं काहीतरी छापून येईल. उत्खननाचा तो 'चर', पाण्याचा तो 'खंदक', हे पहिल्या पानावरच ठरवून टाका.

आणि लेखात गाळाबद्दल असेल तर जपून. तळाच्या ओल्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून चामड्याचे जोडे, लाकडी वाडगे, बिया, परागकण टिकतात. पुलाचे ओकचे खांब मिळाले तर झाडाच्या वर्तुळांवरून लाकूड कधी तोडलं तेही काढता येतं. पण ही माणसं खंदक वेळोवेळी उपसत असत. त्यामुळे गाळात बहुधा शेवटच्या काळातला कचरा सापडतो, खंदक खणला तेव्हाचा नाही. जुना पुरावा आतल्या चौथऱ्याखाली. खंदकाची माती आत टाकून जागा उंच करत, तिच्याखाली आधीच्या वस्तीच्या खुणा दबून राहतात. म्हणून 'तळाचा थर' याचं भाषांतर 'सर्वांत जुना थर' असं करू नका. ऑक्सफर्डशरमधल्या चाल्ग्रोव्हला बॅरंटिन घराण्याचा असा वाडा १९७६ ते १९७९ मध्ये खणला, त्याचा अहवाल जमल्यास वाचा.

शब्दखणती: खंदकाला संस्कृतातली 'परिखा' कशी विसरलात? कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त दुर्गाभोवती तीन परिखा सांगितल्या आहेत, १४, १२ आणि १० दंड (लांबीचं जुनं माप) रुंदीच्या. खणलेल्या मातीचा 'वप्र' उभारायचा, म्हणजे मातीचा बांध. एक खड्डा, एक उंचवटा, माती तीच. गंमत म्हणजे 'मोट' हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ज्या शब्दावरून आला त्याचा अर्थ टेकाड! टेकाडावरून घसरून तो खड्ड्यात पडला. (आपल्या विहिरीवरच्या मोटेशी याचं काही नातं नाही, कुणी जोडायच्या आत सांगून ठेवतो.) खंदक फारसी-अरबीतून आला, पण मूळ इराणी धातू खणण्याचाच, संस्कृत 'खन्'चा भाऊ. म्हणजे परिखा, खंदक आणि खणणं एकाच घरातले.

काळीपांढरी: सुंदर, पण 'परिखावेष्टित वाडा' लिहिलंत तर संपादक आता पूर्ण पानावर काट मारतील.

सांजवेळ: 😀 परिखा बाद. आता 'मॅनर'चं बोला. लेखात कधी तो घर असतो, कधी आख्खी जमीनदारी. 'मॅनरचं न्यायालय' असंही आहे. वतन म्हणू?

काळीपांढरी: वतन हक्काशी आणि गावकीच्या कामाशी बांधलेलं. मॅनरमध्ये मालकाची खास जमीन, कुळांची जमीन, त्यांनी द्यायची वेठ आणि मालकाचं न्यायालय, सगळं एकत्र. एक मराठी शब्द पुरत नाही. घर असेल तिथे वाडा, जमीनदारी असेल तिथे 'मॅनर' तसाच ठेवा आणि एकदा समजावून सांगा.

सांजवेळ: मग 'खंदकाचा वाडा'. एक राहिलं. यातल्या बऱ्याच ठिकाणी आज घर नाहीच, कुरणात नुसता चौकोनी खळगा. लेखात त्याला 'साइट' म्हटलंय. 'वाड्याची पांढर' चालेल?

खापरवेडा: नाही हो. पांढर म्हणजे पिढ्यान्पिढ्यांच्या चुली, राख, पडक्या भिंती यांतून झालेली माती, तिचं टेकाड होतं. तिथे एक घर, दोन-तीनशे वर्षं, खाली चिकणमाती. 'वाड्याची जागा' लिहा. खळगा अजून पाण्याने भरलेला असेल तर 'खंदक', कोरडा असेल तर 'खंदकाची खूण'.