सासूबाईंना आणि पोरांना पहिल्यांदा समुद्र दाखवायचाय, तासगावहून तीन दिवसांत काय काय होईल?

तासगावची सून:
नमस्कार मंडळी. आमची द्राक्षबाग आहे, आगाप छाटणीची, जानेवारी संपेपर्यंत माल उतरतो आणि मग फेब्रुवारीत आठ-दहा दिवस जरा उसंत मिळते, त्यातले तीन दिवस ह्यांनी कबूल केलेत. सासूबाईंचं वय 68, पंढरपूर, तुळजापूर, जोतिबा सगळं झालंय पण समुद्र बघितलेला नाही. परवा टीव्हीवर लाटा बघून मला विचारत होत्या, एवढं पाणी ओहोटीला जातं तरी कुठं गं. तेव्हाच ठरवलं की यंदा न्यायचंच. दोन पोरं आहेत, थोरला पाचवीत, धाकटी सात वर्षांची. गाडी आमचीच. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या पूर्ण शाकाहारी, आम्हाला मासे चालतात. कुणी म्हणतं मालवण, कुणी गणपतीपुळे, कुणी दापोली. खरं सांगायचं तर मला पाण्याची भीती वाटते, दरवर्षी बुडाल्याच्या बातम्या येतात. कुठं जावं, नीट सांगा.

कराडकर:
ताई, जाताना कुंभार्ली आणि येताना आंबा घाट असा गोल करा, एकच रस्ता दोनदा नको. तासगाव-विटा-कराड, मग पाटण, कोयनानगर, घाट उतरला की चिपळूण आणि पुढं गुहागर. कराडातून चार तास धरा, पोरांना घाटात मळमळतं म्हणून पोटभर खायला घालून निघू नका. कोयनानगरला नेहरू उद्यानात थांबा, पाय मोकळे होतील.

आणि तिथं पोरांना एक गोष्ट नक्की सांगा, मला स्वतःला ती लय भारी वाटते. कोयनेचं एक पाणी खाली कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, सांगलीवरनं पुढं जाऊन बंगालच्या उपसागरात पडतं. आणि त्याच धरणाचं दुसरं पाणी बोगद्यातनं सह्याद्रीच्या पोटातून पलीकडं पोफळीला जातं, वीज करतं आणि वाशिष्ठी नदीतून दाभोळच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात. एकाच धरणाचं पाणी दोन समुद्रांना. घाट उतरताना पोफळी लागतंच, मी दर वेळी गाडी हळू करून दाखवतो.

मिरजेचा भटक्या:
माझं मत मालवण. सिंधुदुर्ग किल्ला पोरांनी बघायलाच पाहिजे, महाराजांनी 1664 ला बांधायला घेतला, होडीनं जायचं, आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या तीन विहिरींना गोडं पाणी. 2025 ला युनेस्कोच्या यादीत 12 किल्ले गेले त्यात आपल्या साताऱ्याच्या प्रतापगडासोबत हाही आहे. तारकर्लीही तिथंच जवळ.

माहेर गुहागर सासर सातारा:
मालवण सुंदरच आहे दादा, पण गुडघे दुखणाऱ्या आजींना होडीत चढ-उतार आणि किल्ल्यात उन्हातली चाल जड जाईल, ते पुढच्या खेपेला ठेवा. ताई, कराडकरांचा रस्ता बरोबर आहे. एक रात्र गुहागर, एक रात्र गणपतीपुळे किंवा मालगुंड. तीन दिवसांत दापोली-रत्नागिरी-मालवण सगळं कोंबलं तर सासूबाईंना समुद्र गाडीच्या काचेतूनच दिसेल.

गुहागरला व्याडेश्वराचं देऊळ गावात आणि समुद्र त्याच्या मागं, घरांच्या परसातून माडांमधून चालत गेलं की समोर मोकळी लांबच लांब वाळू. सासूबाईंना ओहोटीच्या वेळी न्या, तेव्हा ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही, गुडघ्याला त्रास होत नाही. घडीची खुर्ची असेल तर घ्याच, त्या तासभर बसतील बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपतात, पिल्लं निघाली की सकाळी किंवा संध्याकाळी समुद्रात सोडतात. निघतीलच असं नाही, गेल्या गेल्या चौकशी करा.

दुसऱ्या दिवशी हेदवी. दशभुजा गणपती, त्याला खरंच दहा हात आहेत. आणि खाली समुद्रावर बामणघळ, म्हणजे कातळाला पडलेली अरुंद चीर, भरतीला लाट आत घुसते आणि पाणी उंच उडतं. ओहोटीला गेलात तर नुसता खडक बघून परत याल, म्हणून वेळ काढायला आमच्याकडचा हिशोब लिहून घ्या: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. षष्ठीला साडेचार. अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतो पण अंदाजाला पुरतं. साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात चढतं. अष्टमीला भांग, म्हणजे भरती कमी चढते, तेव्हा घळीत तेवढा जोर नसतो. सासूबाईंना तिथ्या तोंडपाठ असतील, त्यांनाच हिशोब घालायला लावा. आणि तिथं कडेला अजिबात उभं राहायचं नाही, कातळ निसरडा असतो.

जेवण घरगुती खानावळीत, पण सकाळीच सांगून ठेवायचं किती पानं ते, आयत्या वेळी गेलं तर मिळत नाही. मोदक सांगा, ओल्या काजूची उसळ मिळते का विचारा, नुकती सुरू होत असते. हापूस मात्र तेव्हा नसतो, घाईनं कुणाकडून घेऊ नका.

सांगलीवाडी:
भीतीबद्दल मी बोलतो, कारण आमच्यावर ते आलंय. माझा चुलतभाऊ कृष्णेत लहानपणापासून पोहलेला, पुरातसुद्धा पाणी कापणारा, आणि गणपतीपुळ्याला कमरेएवढ्या पाण्यातून ओढला गेला. पायाखालची वाळू सरकली आणि बघता बघता आत. तिथल्याच एका माणसानं ओरडून सांगितलं म्हणून वाचला. नदी एका दिशेला वाहते, काठ डोळ्यांसमोर असतो. समुद्रात लाट वरून किनाऱ्याकडं ढकलते आणि परत जाणारं पाणी एखाद्या पट्ट्यातून जोरात बाहेर ओढतं. त्या ओढीविरुद्ध किनाऱ्याकडं पोहत राहिलं की माणूस दमतो, आणि दमला की संपलं. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं, पट्टा अरुंद असतो, त्यातून सुटलं की मग किनाऱ्याकडं यायचं. पण ताई हे तुमच्या मिस्टरांना सांगा, तुम्ही पोरांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊच देऊ नका, ओहोटी लागल्यावर तर नाहीच. आम्हाला पोहायला येतं हे वाक्य तिथं बोलायचं नाही.

आणि पुळ्याला दर्शन मात्र चुकवू नका. आपल्या सांगलीच्या पटवर्धनांचे मूळपुरुष हरभट तिथल्याच जवळच्या कोतवड्याचे, पुळ्याच्या गणपतीचे भक्त. सांगलीचा गणपती आपण रोज बघतो, ती भक्ती आली कुठनं ते तिथं गेल्यावर कळतं. टेकडीची प्रदक्षिणा आजींना झेपेल तेवढीच करा.

तासगावची सून:
सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, आडवं पोहायचं ते दोनदा. हेदवीहून पुळ्याला कसं जायचं, परत चिपळूणवरनं का?

माहेर गुहागर सासर सातारा:
नाही नाही, हेदवीच्या पुढं तवसाळला जा, तिथून जयगडला फेरीबोट आहे, गाडीसकट चढायचं, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडं. पोरांना हाच भाग सगळ्यात आवडतो. मग मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव, स्मारक आहे, थोरल्याला दाखवा. शेवटच्या दिवशी आरे-वारेच्या किनाऱ्यानं रत्नागिरी, तो रस्ता समुद्राच्या वरून जातो. वेळ उरला तर थिबा राजवाडा, ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलेलं, 1916 ला तो इथंच वारला. दुपारी दोनच्या आत आंबा घाटाकडं निघा, अंधारात घाट नको.

तासगावची सून:
सासूबाईंनी कॅलेंडर काढून हिशोब घातलाय. तृतीयेला हेदवी, म्हणजे सव्वादोनला भरती. फोन न बघता त्यांनी सांगितलं, आता दारात येईल त्याला तिथीवरनं भरती सांगतायत.

माहेर गुहागर सासर सातारा:
बरोबर काढलंय त्यांनी. दीडपर्यंत घळीवर पोचा, ऊन असेल, सगळ्यांना टोप्या घ्या. दर्शन आधी उरका, आणि मोदकांचं सकाळी गुहागरमधून निघतानाच सांगा.