पोकळ अंड्यावर पॉलिमर क्ले लावून भाजताना कवच तडकते का?

अबोली, ठाणे

नमस्कार. पॉलिमर क्लेचे, म्हणजे ओव्हनमध्ये भाजल्यावर कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीचे, कानातले आणि लोलक मी बऱ्याच काळापासून करते आहे. आता हीच क्ले कोंबडीच्या पोकळ अंड्यांवर चढवण्याचा विचार आहे. वेगवेगळ्या रंगांच्या लोळ्या जोडून केन तयार करणे आणि तिचे पातळ काप काढणे मला जमते. शेवंतीच्या फुलांचे असे काप शेजारीशेजारी बसवून अख्खे अंडे झाकावे, अशी कल्पना आहे. ओटीजीच्या (विजेच्या छोट्या ओव्हनच्या) उष्णतेने कवच तडकेल का आणि क्लेखाली फुगे येऊ नयेत म्हणून काय करावे, या माझ्या मुख्य शंका आहेत. शिवाय अंडे कोणत्या ना कोणत्या बाजूवर टेकणारच. तेव्हा तिथली नक्षी दबू नये म्हणून ते आत कसे ठेवावे, हेही कृपया सांगावे.

मृण्मयी, पुणे

अबोलीताई, उष्णतेची चिंता सोडून द्या. अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि क्ले भाजण्यासाठी लागणाऱ्या ११० ते १३५ अंश सेल्सिअस तापमानाने त्याला काहीही होत नाही. खरा त्रास होतो तो आत अडकलेल्या हवेचा आणि ओलाव्याचा. खोलीतली हवा ११० अंशांपर्यंत तापली की तिचे आकारमान पाव पटीहून अधिक वाढते, आणि आत पाणी राहिले असेल तर त्याची वाफ कितीतरी जास्त जागा मागते. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. बाहेर पडायला मोकळी वाट मिळाली नाही, तर हवा या छिद्रांतून येते आणि मऊ क्लेला खालून उचलते. फुगे येतात ते असे. म्हणून अंडे रिकामे करण्यासाठी पाडलेल्या भोकांपैकी निदान एक भोक क्ले भाजून होईपर्यंत उघडेच राहिले पाहिजे.

दाभणाने दोन्ही टोकांना भोक पाडल्यावर लांब सुईने आतला बलक फोडावा आणि तोंडाने न फुंकता सुई नसलेल्या सिरिंजने हवा सोडून तो बाहेर काढावा, कारण कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. (बलक ताजा असेल तर त्याची भुर्जी अवश्य करावी.) मग आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने धुऊन अंडे भोक खाली करून निथळत ठेवावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते नुसत्या वाऱ्यावर लवकर वाळत नाही. अशा वेळी रिकामे अंडे ओटीजीमध्ये १०० अंशांच्या आसपास थोडा वेळ ठेवून पूर्ण कोरडे करावे, हे उत्तम.

कवच गुळगुळीत असल्याने क्ले त्यावरून सरकते. त्यासाठी फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाचा पातळ थर देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. केन थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली की काप काढताना फुलाच्या पाकळ्या फिसकटत नाहीत. काप साधारण एक मिलिमीटर जाडीचे असावेत आणि प्रत्येक काप मध्यापासून कडेकडे दाबत बसवावा, म्हणजे खालची हवा बाजूने निघून जाते. तरीही एखादा फुगा दिसला तर तो बारीक सुईने टोचून दाबावा. सगळे काप बसल्यावर अंडे दोन्ही तळहातांत हलक्या हाताने फिरवत राहावे. फुलांमधल्या रेघा हळूहळू मिटत जातात आणि सबंध अंडे एकसंध दिसू लागते. या कामातला हा सर्वांत सुंदर टप्पा आहे, असे मला मनापासून वाटते, त्यामुळे इथे अजिबात घाई करू नये.

अंडे टेकवण्यासाठी उशीत भरतात त्या पॉलिएस्टर तंतूची जाड गादी करावी. इतक्या तापमानाला तो वितळत नाही आणि नक्षीवर चकचकीत डागही पडत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे दोन्ही भोकांतून बांबूची काडी घालून ती केकच्या भांड्याच्या कडांवर आडवी ठेवणे. पण मग ती दोन्ही भोके थोडी मोठी असावी लागतात.

कारागीर, नाशिक

वरील मार्गदर्शनात तापमानाविषयी एक भर घालतो. लहान ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतले प्रत्यक्ष तापमान यांत पुष्कळ फरक असतो, म्हणून ओव्हनचा साधा तापमापक आत ठेवावाच. फिमो या ब्रँडची क्ले ११० अंशांवर अर्धा तास भाजतात; इतर कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे पाकिटावरची सूचना प्रमाण मानावी. पॉलिमर क्ले मुळात पीव्हीसीची असते. ती करपली तर हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो, हे लक्षात ठेवून खिडकी उघडी ठेवावी आणि वरून ॲल्युमिनियम फॉइलचे सैल आच्छादन द्यावे.

घरी नव्याने सुरुवात करणाऱ्या वाचकांनी हवेवर सुकणारी क्ले यासाठी घेऊ नये. त्या क्लेमधले पाणी उडाले की ती आकसते. आतले कवच मात्र आकसत नाही, त्यामुळे वरच्या थराला भेगा पडतात. अंड्याऐवजी थर्माकोलचा गोळा वापरण्याचा विचारही सोडावा, कारण तो ओव्हनमध्ये आक्रसून वेडावाकडा होतो.

अबोली, ठाणे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. भाजून झाल्यावर ते भोक क्लेने बुजवून अंडे पुन्हा भाजले तर चालेल का? आणि चकाकी आणण्यासाठी पारदर्शक नेलपॉलिश वापरता येईल का?

मृण्मयी, पुणे

दोन्ही टाळावे. भोक बंद करून पुन्हा भाजले तर आतल्या हवेची तीच अडचण नव्याने उभी राहते. नेलपॉलिशमधल्या द्रावकामुळे क्ले मऊ पडते आणि काही काळाने चिकट होते. अंडे ओव्हनमध्येच थंड होऊ द्यावे, मग ४०० पासून १००० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून क्रमाने फिरवावा आणि शेवटी जीन्सच्या कापडाने घासावे. एवढ्यानेही छान तकाकी येते. त्याहून जास्त हवी असल्यास पाण्यावर आधारित व्हार्निशचा एक हात द्यावा. भोकासाठी त्याच केनचा एक छोटा काप वेगळा भाजून ठेवावा आणि तो नंतर गोंदाने चिकटवावा. अंडे टांगायचे असेल तर त्याआधीच दोरा आतून ओवून घ्यावा.