छोट्या खोलीत मोठे स्पीकर: मांडणी कशी करू?

कानसेन

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं मनात असलेले फ्लोअरस्टँडिंग (जमिनीवर उभे राहणारे उंच) स्पीकर अखेर घरी आले आणि पहिल्याच संध्याकाळी हिरमोड झाला. खोली 3.6 मीटर लांब, 3 मीटर रुंद, छत 2.7 मीटरवर. स्पीकर अरुंद भिंतीला लावलेत, मागे जेमतेम 10 सेंमी जागा. प्रत्येकात दोन साडेसहा इंची वूफर (खर्ज वाजवणारे शंकू), पोर्ट म्हणजे खोक्यातलं हवेचं भोक मागच्या बाजूला.

वरचे स्वर फार सुंदर येतात, गायकाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. पण डबल बासचा एक ठरावीक स्वर आला की सगळी खोली गुरगुरते, आणि डग्ग्याची मींड तर कळतच नाही, नुसतं ‘घूं’. मी मागच्या भिंतीला पाठ लावून बसतो. खुर्ची ओढून खोलीच्या मध्यावर आणली तर गुरगुर जाते, पण खर्जही जवळजवळ नाहीसा होतो. ॲम्प्लिफायर बदलू? केबल? भिंतीला फोम लावू? की स्पीकरच चुकले?

घुमारा

केबल आणि ॲम्प्लिफायरला आत्ता हात लावू नका. खुर्ची हलवल्यावर आवाज इतका बदलतोय, म्हणजे दोष खोलीत आहे. फोमही नको. दोन इंची फोम वरचे स्वर खाईल, खर्जाला त्याचा पत्ताही लागणार नाही, आणि खोली आणखी कोंदट वाटेल.

मोजपट्टी

घुमारा यांच्याशी सहमत. तुमची मापं घेऊन थोडं गणित करतो, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 344 मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की त्या दिशेचा पहिला मोड मिळतो, म्हणजे ज्या स्वराला समोरासमोरच्या दोन भिंती उचलून धरतात तो. तुमच्याकडे लांबीचा 48 हर्ट्झ, रुंदीचा 57, उंचीचा 64. डबल बासच्या सगळ्यांत खालच्या खुल्या तारेपासून तीन अर्धस्वर वर गेलात की 49 हर्ट्झचा स्वर येतो. गुरगुरतो तो बहुतेक हाच.

लांबीच्या मोडचा दाब दोन्ही भिंतींशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर शून्य असतो. तुम्ही बसलात ते नेमके या दोन टोकांच्या जागी, म्हणून एकीकडे पूर आणि दुसरीकडे दुष्काळ. सुरुवातीला खुर्ची मागच्या भिंतीपासून लांबीच्या 38 टक्क्यांवर ठेवा, म्हणजे 1.37 मीटरवर. तिथे 48 हर्ट्झ भिंतीजवळच्या तुलनेत जवळपास 9 डेसिबलने उतरायला हवा, आणि तो पूर्ण मरतही नाही. 38 हा आकडा पवित्र नाही. तिथून दहा-दहा सेंमी पुढेमागे होऊन ऐका.

आता स्पीकर. रुंदीचा पहिला मोड फारसा छळणार नाही, कारण डावा-उजवा स्पीकर सारख्या अंतरावर असेल तर दोघे मिळून तो एकमेकांत मिटवतात. त्रास दुसऱ्याचा, 115 हर्ट्झचा. तुम्ही मधोमध बसता आणि तिथे तो फुगतो. पण रुंदीच्या एक चतुर्थांशावर या मोडचा दाब शून्य असतो, तिथे ठेवलेला स्पीकर त्याला चेतवतच नाही. म्हणून बाजूच्या भिंतीपासून 75 सेंमी. दोघांत दीड मीटर अंतर राहील, कमी वाटेल, पण तुम्ही जवळ बसणार आहात.

स्पीकरमागच्या भिंतीचं अंतर नेहमी वूफरच्या शंकूपासून मोजा, खोक्याच्या पाठीपासून नाही. तिथून परत येणारी लाट एका ठरावीक स्वराला उलटी भेटते आणि तो खाते. हा स्वर काढायचा तर 344 ला त्या अंतराच्या चौपटीने भागायचं: 60 सेंमी असेल तर 143 हर्ट्झ, 75 असेल तर 115. बाजूची भिंत, मागची भिंत आणि जमीन, तिन्ही अंतरं वेगवेगळी ठेवा, नाहीतर तिन्ही खड्डे एकाच स्वरावर पडतात. म्हणून बाजूला 75 तर मागे 60 पासून सुरू करा. या मांडणीत प्रत्येक स्पीकर तुमच्या कानापासून 1.8 मीटरच्या आसपास येईल.

शक्य असेल तर मोजमापाचा मायक्रोफोन मिळवा. त्यावरून आलेख काढणारं रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कानाला ‘काहीतरी फुगलंय’ एवढंच कळतं, आलेखात कोणता स्वर आणि किती ते दिसतं.

पाचलिटर

माझं मत वेगळं आहे आणि मी ते मनापासून सांगतो: या खोलीला हे स्पीकर मोठे आहेत. जवळ बसलं की उंच खोक्यातले ड्रायव्हर (आवाज काढणारे वेगवेगळे शंकू) वेगवेगळे ऐकू येण्याचा धोका असतो, त्यांचे आवाज एकत्र मिसळायला अंतर लागतं. बीबीसीने 1970 च्या दशकात एलएस 3/5ए हा छोटा स्पीकर घडवला तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत ऐकण्यासाठी. जेमतेम पाच लिटरचं बंद खोकं, आणि आजही लोक ते जपून ठेवतात. खोल खर्ज त्यातून येत नाही, पण जो येतो तो स्वच्छ. स्टँडवरची चांगली टू-वे (एक वूफर, एक वरच्या स्वरांचा ड्रायव्हर) जोडी उसनी आणून याच जागी एक आठवडा ऐका, मग ठरवा.

मोजपट्टी

ड्रायव्हर मिसळण्याचा मुद्दा रास्त आहे. पण लांबीचा मोड छोट्या स्पीकरनेही चेततोच, फक्त त्याला खायला कमी मिळतं. आधी जागा ठरू द्या. कानसेन, एक करून बघा: पोर्टमध्ये स्पंजचा बोळा घाला. पोर्टवाल्या खोक्याचा खर्ज तळाशी दर सप्तकाला 24 डेसिबलने कोसळतो, बंद केल्यावर साधारण 12 ने. उतार लवकर सुरू होतो पण सौम्य असतो, आणि छोटी खोली तळाला स्वतःहून थोडा आधार देते. अशा खोलीत हे जुळून येतं.

कानसेन

चार दिवस हेच केलं. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या, मायक्रोफोन मित्राकडून आणला. आधी भिंतीजवळ 48 हर्ट्झला 14 डेसिबलचा डोंगर होता, आता 6 चा आहे. बोळ्यामुळे त्याखालचा भाग सपाट झाला. डग्ग्यावर तळहात सरकताना स्वर वर चढतो तो आता ऐकू येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी तोच तुकडा पाच वेळा लावला.

दोन गोष्टी राहिल्या. 140 च्या आसपास खोल खड्डा आहे, तो इक्वलायझरने (ठरावीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) भरू का? आणि गायिका मधोमध न येता किंचित उजवीकडे येते. डावीकडे खिडकीला जाड पडदा आहे, उजवीकडे कोरी भिंत.

मोजपट्टी

खड्डा भरू नका. तिथे थेट लाट आणि परतलेली लाट एकमेकींना खातात, तुम्ही जेवढं वाढवाल तेवढंच परतूनही येईल. 10 डेसिबल चढवायला दहापट ताकद लागते आणि ती वूफरला तापवण्यात जाते. इक्वलायझर डोंगर कापायला वापरा, तोही 230 हर्ट्झच्या खालीच. तुमच्या खोलीत साधारण तिथपर्यंत मोडांचं राज्य असतं, वर कानावर सोपवा.

खड्ड्यासाठी स्पीकर थोडे मागे न्या, शंकूपासून 48 सेंमी करून बघा. खड्डा 180 कडे सरकेल, आणि तिथे भिंतीवरचं 15 सेंमी जाडीचं रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) थोडंफार काम करू लागतं. भिंत जवळ आल्याने खर्ज वाढेल, तो कापता येतो. उरलेल्या 48 हर्ट्झसाठी तेच रॉकवूल कोपऱ्यांत, 30 सेंमी किंवा जास्त जाड, जमिनीपासून छतापर्यंत. दाराचा कोपरा सोडावा लागला तरी बाकीचे तीन भरा.

घुमारा

उजवीकडचं सांगतो. आधी दोन्ही स्पीकरची अदलाबदल करा. गायिका डावीकडे गेली तर स्पीकरमध्ये फरक आहे, उजवीकडेच राहिली तर खोलीत.

बहुतेक खोलीच असेल. तुमच्या मांडणीत बाजूच्या भिंतीवरून येणारी लाट थेट आवाजानंतर जेमतेम 3 मिलिसेकंदांनी कानाशी पोचते. कान तिला वेगळा प्रतिध्वनी मानत नाही, त्याच आवाजात मिसळून घेतो. उजवीकडून ती जोरात आणि डावीकडून पडद्यात विरून येत असेल, तर चित्र ओढलं जाणारच. तुम्ही खुर्चीत बसा, कोणालातरी उजव्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. उजवा स्पीकर आरशात दिसेल तिथे 10 सेंमी जाडीचं, आवाज शोषणारं पॅनल लावा, मागे तेवढीच पोकळी सोडून. किंवा आधी फुकटचा उपाय: त्या जागी जाड रजई टांगून ऐका.

कानसेन

अदलाबदल केली, गायिका उजवीकडेच राहिली. रजई टांगली आणि ती मधोमध आली. पॅनलची लाकडी चौकट करायला घेतली आहे. स्पीकर 48 वर आणल्यावर खड्डा अर्ध्याने उथळ झाला. पाचलिटर, जोडी उसनी मिळतेय, पण कोपरे भरून झाल्यावरच आणेन, म्हणजे दोन्ही एकाच खोलीत ऐकता येतील.