ग्रहणाचा काही संबंध नाही

एका आईने बाळाच्या पाठीवरच्या काळ्या, केसाळ जन्मखुणेबद्दल इथे विचारलंय, आणि तो डाग ग्रहण न पाळल्यामुळे आला, असं वर कुणीतरी लिहिलंय. कृपा करून त्या आईच्या डोक्यात हे भरवू नका! गर्भातच रंगपेशींच्या जनुकात, बहुतेकदा एनआरएएस नावाच्या जनुकात, बदल होतो. तो आईबापांकडून आलेला नसतो.

कमरेवरचे निळसर, सपाट डाग वेगळे, ते पुढे आपसूक फिके पडतात. माझ्या भाचीचा डाग मात्र या बाळासारखाच, खरबरीत, तळहाताएवढा, भोवती मसुराएवढे सुटे ठिपके. मोठेपणी ४० सेंमीच्या वर जाईल असा डाग 'जायंट', म्हणजे अतिमोठा, धरतात. ठिपके बरेच असतील तर मेंदू-मणक्याच्या एमआरआयबद्दल त्वचारोगतज्ज्ञांना आत्ताच विचारा, शक्यतो बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत. अशा बाळांच्या मेंदूतही रंगपेशी साठलेल्या असू शकतात, आणि नंतर ती साठवण नीट दिसत नाही. आणि दर महिन्याला डागाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.