मदत हवी आहे: डेफिनिटिव्ह होस्ट आणि इंटरमिजिएट होस्ट यांत सारखा गोंधळ होतो

नमस्कार मंडळी,
मायक्रोबायॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. जिवाणूंचा भाग बरा चाललाय. ग्रॅम स्टेनिंगमध्ये (जिवाणू रंगवून ओळखण्याची पद्धत) अल्कोहोल जास्त वेळ राहिलं की जांभळे दिसायला हवेत ते ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूसुद्धा गुलाबी दिसतात, हे एकदा हातून चुकल्यावर कायमचं लक्षात राहिलं. पॅरासाइटॉलॉजीत (परजीवींच्या अभ्यासात) मात्र गाडी अडली आहे.

परजीवी ज्याच्या शरीरात राहतो तो होस्ट, म्हणजे यजमान. मलेरियात माणूस इंटरमिजिएट (मधला) होस्ट आणि अ‍ॅनोफिलिस डास डेफिनिटिव्ह (मुख्य), हे पाठ आहे. पण परजीवी यकृतात आणि तांबड्या पेशींत वाढतो तो माणसाच्या, तापाने फणफणतो तोही माणूसच. मग मान डासाला का? टीनिया सोलियम या पट्टकृमीला उलटं: माणूस डेफिनिटिव्ह, डुक्कर इंटरमिजिएट. त्याच टीनियाने मेंदूत गाठी झाल्या की माणूस पुन्हा इंटरमिजिएट! नुसतं घोकून परीक्षेत उलटसुलट लिहिलं जातं. कुणी नीट समजावेल का?

प्रतिसाद १
आजारी कोण पडतं ते आधी डोक्यातून काढून टाक. परजीवीचं लैंगिक प्रजनन कुठे होतं, एवढंच बघ. रक्ताच्या स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली फाल्सिपॅरमचे (मलेरियाचा एक परजीवी) केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट (नर-मादी अवस्था) दिसतात ना, ते आपल्या रक्तात नुसते वाट बघत असतात. नर-मादीचं मीलन होतं ते डासाच्या पोटात. म्हणून डास डेफिनिटिव्ह.

टीनियाचा प्रौढ कृमी आपल्या लहान आतड्यात राहतो, अंडी तिथेच तयार होतात. ती डुकराच्या पोटात गेली की स्नायूंत अळीच्या गाठी होतात. नीट न शिजलेल्या मांसातून ती अळी माणसाने खाल्ली तर आतड्यात प्रौढ कृमी. पण दूषित अन्नपाण्यातून थेट अंडीच गिळली, तर माणूस डुकराच्या जागी जातो आणि अळ्या मेंदूपर्यंत पोचतात. म्हणूनच डुकराचं मांस कधीही न खाल्लेल्यालाही न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूत या अळीच्या गाठी) होतो. विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच.

मूळ प्रश्नकर्ता
ताई, खूप खूप आभार! अंडी की अळी, हे मी कधी वेगळं करून बघितलंच नव्हतं. मग एकिनोकॉकस या दुसऱ्या पट्टकृमीत प्रौढ कृमी कुत्र्याच्या आतड्यात, म्हणजे कुत्रा डेफिनिटिव्ह. आणि हायडॅटिड सिस्ट (त्याच्या अळीची गाठ) झालेला माणूस मेंढीच्या जागी, म्हणजे इंटरमिजिएट. बरोबर? आणि एंटअमिबा हिस्टोलिटिका (आमांश करणारा अमीबा)?

प्रतिसाद २
एकिनोकॉकस अगदी बरोबर. एंटअमिबाला मधला यजमान लागतच नाही. त्याच्या सिस्ट (इथे गाठ नव्हे, कवचबंद अवस्था) पोटात जातात आणि विष्ठेतून पुन्हा सिस्टच बाहेर पडतात. आता टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी स्वतः सोडवून इथे लिही. मांजरापासून सुरुवात कर.