परदेशात एटीएम, की इथूनच पैसे बदलून? कोल्हापूरकरांनो, आपापले अनुभव सांगा

मंगळवार पेठ

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही दोघं बँकॉकला गेलो. निघण्यापूर्वी घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, "कार्ड आहे की, कशाला पैसे बदलत बसताय?" मलाही ते पटलं. विमानतळावर उतरल्यावर ३,००० बाट काढले. मशीनच्या पडद्यावर २२० बाट जादा लागतील असं आलं. टॅक्सीची रांग वाढत होती, मागं माणसं उभी होती, मी 'हो' दाबलं.

घरी आल्यावर पासबुक भरून घेतलं आणि वही-पेन घेऊन बसले. बाट तेव्हा साधारण अडीच रुपयांना होता, म्हणजे हातात आले ७,५०० रुपयांचे पैसे. मशीनच्या २२० बाटांचे ५५० रुपये. वर आमच्या बँकेचं साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या व्यवहारावरची जादा आकारणी, आणि त्यावर जीएसटी, असे ३३२. शिवाय परदेशात पैसे काढल्याचे १५० आणि त्यावरचा जीएसटी. सगळं मिळून खात्यातून साडेआठ हजारांच्या वर गेले. हजार रुपये जादा! आणि असं मी आठ दिवसांत तीनदा केलं.

मग उलटा हिशेब केला. एकदाच २०,००० बाट काढले असते, तर ५०,००० रुपयांवर जादा गेले असते सुमारे २,८००. इथं शाहूपुरीत चलन बदलणाऱ्याकडं त्या आठवड्यात बाटाचा दर २ रुपये ६२ पैसे सांगितला होता. तेवढेच बाट तिथं घेतले असते, तर जीएसटी धरून २,५०० जादा. म्हणजे फरक तीनशेचा! कार्ड महाग की नोटा महाग, हा प्रश्नच मी चुकीचा धरून बसले होते. थोडे थोडे पैसे काढणं महागात पडलं. २२० बाट तीन हजारांवरही लागले आणि वीस हजारांवरही तेवढेच लागले असते.

आता तुमचं सांगा. आकडे लक्षात असतील तर आकड्यांसकट सांगा.

शिरोली एमआयडीसी, फौंड्रीवाला

ताई, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण यात आणखी एक खड्डा आहे. जून २०२३ मध्ये जर्मनीत डसेलडॉर्फला फौंड्रीवाल्यांचं गिफा प्रदर्शन होतं. दर चार वर्षांनी भरतं, आपल्याकडची बरीच फौंड्रीवाली मंडळी जातात. जर्मनी म्हणजे सगळीकडं कार्ड चालणार असं वाटलं होतं. पण बेकरीत, छोट्या हॉटेलात रोखच मागायचे. काही ठिकाणी तिथलं स्थानिक कार्डच चालायचं, आपलं नाही.

हॉटेलजवळच्या मशीनमधून २०० युरो काढायला गेलो. पडद्यावर विचारलं, रक्कम रुपयांत कापू का युरोत? रुपयांत दाखवलेला आकडा होता १९,७०० च्या आसपास. युरो तेव्हा नव्वदच्या आत होता, म्हणजे अठरा हजारसुद्धा होत नव्हते. आपल्याला रुपये ओळखीचे, म्हणून बोट आपसूक तिकडंच जातं. माझ्या भागीदारानं तेच दाबलं. मी कार्ड काढून घेतलं आणि पुढच्या चौकात एका बँकेच्याच भिंतीतल्या मशीनवर गेलो. तिथं युरोतच कापलं, जादा काही मागितलं नाही. दुकानात कार्ड स्वाइप करतानाही हाच प्रश्न येतो. दरवेळी त्या देशाचंच चलन निवडायचं, रुपये नाही.

राजारामपुरी

आमचं लग्न झाल्यावर बालीला गेलो होतो. तिथल्या मशीननं आधी पैसे दिले आणि कार्ड नंतर. इथं आपल्याला सवय कार्ड आधी हातात यायची. तिथल्या पन्नास-पन्नास हजार रुपियांच्या नोटांचा एवढा मोठा गठ्ठा हातात आला, आम्ही मोजत मोजत बाहेर पडलो, आणि कार्ड मशीननं आत ओढून घेतलं. हे कळलं रात्री जेवताना. हॉटेलच्या वायफायवर अॅप उघडून कार्ड बंद केलं, तोवर हातपाय गार पडले होते.

आईनं निघताना सुटकेसच्या अस्तराखाली पाकिटात ६०० डॉलर ठेवायला लावले होते. कोल्हापुरातनंच घेतलेले. बाकीचा सगळा प्रवास त्यावर झाला. त्यातल्या शंभरच्या एका नोटेवर छोटा शिक्का होता, ती बदलून द्यायला कुणी तयार होईना. त्यामुळं इथं डॉलर घेताना एकेक नोट उजेडात धरून बघा. घडी, शाई, शिक्का काहीही असलं तर तिथंच परत द्या. आणि बदलून घेताना शेवटचं मोजणं आपलं. आपण मोजल्यावर समोरच्यानं नोटा परत हातात घेतल्या, तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

शाहूपुरी, पूर्वी परकीय चलनाच्या काउंटरवर

पंधरा वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला होतो, म्हणून लिहितो. लोक निघायच्या दिवशी संध्याकाळी यायचे. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, आणि हातात साठ-सत्तर हजार रोख. ५०,००० च्या वर रोख घेता येत नाही, बँकेतून वळते करावे लागतात. तोवर बँक बंद! मग मंडळी मुंबईत विमानतळावर मिळेल त्या दरानं घ्यायची, आणि तो दर बघून मलाच वाईट वाटायचं. प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून चलन घेता येतं. पासपोर्ट, तिकीट, पॅन आणि लागत असेल तिथं व्हिसा घेऊन आठवडाभर आधी या. बाट किंवा व्हिएतनामचा डाँग, असलं चलन लगेच हातात नसतं, मागवावं लागतं.

बहुतेक देशांसाठी नोटा एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात, त्यावरचे फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परदेशी चलन आधी भरून ठेवायच्या कार्डावर, घ्यायचे. परत आल्यावर उरलेल्यातले २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यावरचे १८० दिवसांत परत करायचे असतात. पण परत करताना काउंटरचा खरेदीचा दर लागतो, तो त्यांच्या विक्रीच्या दरापेक्षा कमी असतो. म्हणून 'असू देत जादा' म्हणून घेतलेल्या नोटांवर दोनदा तोटा होतो. आणि पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ओळखीतला कुणी बिनपावतीचा दोन पैसे स्वस्त देतो म्हणाला, तरी नको.

गडहिंग्लज, निवृत्त शिक्षक

मुलगा दुबईला असतो. माझं खातं सहकारी बँकेत, कार्ड तिथं चाललंच नाही. शाखेत विचारलं तेव्हा कळलं, त्या कार्डावर परदेशातल्या वापराची सोयच नाही. ज्यांच्याकडं ती सोय आहे त्यांनाही ती आधी स्वतः चालू करावी लागते. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, नवं कार्ड देशातल्या वापरापुरतंच चालू असतं. शाखेत जाऊन विचाराच.

दिरहॅम घेणाऱ्यांसाठी एक हिशेब. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ दिरहॅमला एक डॉलर. त्यामुळं डॉलरच्या दराला ३.६७२५ नं भागलं की दिरहॅमचा दर निघतो. डॉलर ८६ असेल, तर दिरहॅम २३ रुपये ४० पैशांच्या आसपास. काउंटरवाला पंचवीस म्हणाला, तर पुढचं दुकान गाठायचं.

रंकाळा, भिशी मंडळ

आमच्या भिशीच्या अकराजणी व्हिएतनामला गेलो. पैसे सगळ्यांचे एकत्र डॉलरमध्ये इथून घेतले, तिथं बँकेत बदलले. मोठ्या, शंभरच्या नोटांना दर बरा मिळाला. घोळ झाला तो डाँगच्या नोटांचा. पाच लाखांची नोट निळी आणि वीस हजारांचीही निळीच! आमच्या एका काकूंनी शहाळ्याला वीस हजार समजून पाच लाखांची नोट दिली, म्हणजे साठ-सत्तरच्या जागी सोळाशे रुपये. आम्ही पुढं निघून गेलो होतो. ती शहाळेवाली बाई गाडी सोडून धावत आली, नोट काकूंच्या हातात ठेवली आणि शून्यांवर बोट ठेवून दाखवलं. काकूंच्या डोळ्यात पाणी आलं. त्या दिवसापासून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या बटव्यात.

कागल

मुलगी शिक्षणासाठी जर्मनीला निघाली आहे, गुरुवारी. वरचं सगळं वाचून काल तिच्यासोबत बसलो. ३०० युरो इथून घेतले, पहिल्या आठवड्यापुरते. कार्डावरचा परदेशातला वापर अॅपमधून चालू केला, रोजची मर्यादा कमी ठेवली. इथलं सिम रोमिंगवर ठेवतोय, बँकेचे मेसेज यायला हवेत. कार्ड गेलं तर फोन करायचा नंबर कार्डाच्याच मागं छापलेला असतो, हे राजारामपुरीचा अनुभव वाचल्यावर ध्यानात आलं. तो तिच्या आईनं दोन चिठ्ठ्यांवर लिहिलाय. एक पासपोर्टच्या कव्हरमध्ये, दुसरी लाडवांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.