चालत्या संकेतस्थळाचा वेग सर्व्हरवरच्या साधनांवर सोपवावा का?

धागाकर्ता, दारव्हा
कापूस आणि सोयाबीनचे बाजारभाव दाखवणारे संकेतस्थळ मी सांभाळतो. हंगामात शेतकरी गाडी भरण्याआधी वावरातूनच भाव पाहतो, तिथे रेंज जेमतेम असते, आणि पान लवकर उघडले नाही की तो फोन खिशात टाकतो. म्हणून कॅशे (तयार पानाची प्रत ठरावीक मुदत साठवून तीच पुन्हा देणे), जीझिप (मजकूर दाबून लहान करून पाठवणे) आणि गूगलने २०१० मध्ये अपाचे या सर्व्हर-सॉफ्टवेअरसाठी आणलेले, पाने आपोआप हलकी करणारे मॉड-पेजस्पीड, हे सारे थेट चालत्या सर्व्हरवर लावावे, असे माझे ठाम मत आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. पण त्यातला पहिला बाइट नेहमी तोच आणि दुसरा दोहोंपैकी एक असल्यामुळे मराठी मजकूर जीझिपने फार छान दाबला जातो.

प्रतिसाद, हिंगणघाट
जीझिपबद्दल वाद नाही. मॉड-पेजस्पीडला मात्र माझा विरोध आहे, कारण ते पहिल्या भेटीत बहुधा मूळ पान देते, मागे काम उरकते आणि पुढच्या भेटीत बदललेले पान देते. त्यामुळे शेतकऱ्याने सांगितलेला बिघाड आपल्या पडद्यावर दिसतच नाही. मुखपृष्ठावर ४ एमबीचा फोटो असेल तर तो आपणच लहान करावा, जेपीईजी प्रकारच्या फोटोवर जीझिपचा काहीच उपयोग होत नाही. कॅशेचे तर मी स्वतः भोगले आहे. आम्ही १० मिनिटांची मुदत ठेवली होती, लिलावात भाव उतरला तरी पान जुनाच आकडा दाखवत राहिले, आणि तो पाहून एक शेतकरी गावाजवळचे कापूस घेणारे जिनिंग सोडून भाड्याच्या टेम्पोने आमच्या यार्डात आला. ते भाडे त्याच्या अंगावर पडले, याची मला आजही खंत आहे.

प्रतिसाद, अकोट
लॉगिननंतरची पाने कॅशेत कदापि जाऊ देऊ नका. एकाचा हिशेब दुसऱ्याला दिसेल.

धागाकर्ता
आपला अनुभव गंभीर आहे, पण दोष कॅशेचा नसून सरसकट मुदतीचा आहे. सीएसएस (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फायली) आणि चित्रांच्या नावात आवृत्ती क्रमांक घातला तर ती वर्षभर ठेवता येतात, भावाला ३० सेकंद पुरेत. लिलावाच्या वेळी शेकडो जण एकदम येतात तेव्हा डेटाबेसला ३० सेकंदांत एकदाच विचारावे लागते. एरवी तो बसतो आणि कुणालाच भाव दिसत नाही.

प्रतिसाद, हिंगणघाट
प्रत्येक भावाशेजारी तो किती वाजताचा आहे हे छापणार असाल, तर ३० सेकंदांना माझी हरकत नाही. मॉड-पेजस्पीड मात्र चाचणीच्या सर्व्हरपुरतेच ठेवा.